भाषणे झाली नाहीत, आभार मानण्यात आले

व्याख्यान संपलं म्हणून पुणेकर खुर्चीवरून उठत नाही, कारण चहा आभारप्रदर्शनानंतर असतो. ही पद्धत कोणी पाडली ठाऊक नाही, पण शहराच्या मध्यवस्तीतल्या एका लहानशा सभागृहाचा व्यवस्थापक म्हणून मी ती नोकरीभर पाळली. चहाचं पिंप मागच्या खोलीत ठेवायचं, दार लोटून घ्यायचं आणि आभार मानणाऱ्याचं शेवटचं वाक्य कानावर पडलं की दार उघडायचं. एकदा एका गृहस्थांनी 'शेवटी' हा शब्द चार वेळा वापरला आणि मी चार वेळा दार उघडून मिटलं. त्या दिवशी श्रोत्यांच्या डोळ्यांत माझ्याविषयी जो द्वेष मी पाहिला, तो वक्त्यांच्या वाट्यालाही कधी आला नसेल.

लोक विचारायचे, "तुम्ही नक्की करता काय? खुर्च्या मांडता?" मांडतो ना. पण वक्ता बुटका की उंच हे आधी विचारून माइकची दांडी बसवावी लागते. पाणी साधं की कोमट, हे वक्त्याच्या पत्नीला फोन करून विचारावं लागतं. वक्त्याला स्वतःला ते माहीत नसतं. पहिल्या रांगेत 'राखीव' अशा चिठ्ठ्या ठेवाव्या लागतात. ज्यांच्यासाठी त्या असतात ते कधी येत नाहीत, आणि जे येतात ते चिठ्ठीवरच बसतात. कार्यक्रमानंतर छत्र्या, चष्मे, पिशव्या जपून ठेवायच्या. एक अध्यक्ष स्वतःची कवळी व्यासपीठावरच्या ग्लासात विसरले होते. ती न्यायला ते आले तेव्हा तोंडावर रुमाल होता आणि तरीही ते बोलतच होते.

आता आभार मानणाऱ्यांविषयी. बाहेरगावच्या वाचकांना हे सांगायलाच हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. आपल्याकडे आभार मानण्याचं काम संस्थेतल्या अशा माणसाला देतात, ज्याला वर्षानुवर्षं कोणी बोलू दिलेलं नसतं. त्याच्या हातात माइक येतो तेव्हा श्रोते चहासाठी अडकलेले असतात आणि त्याला थांबवण्याचा अधिकार कोणालाच नसतो, कारण आभार मानणाऱ्याला थांबवणं हे असभ्यपणाचं लक्षण. मग तो मूळ व्याख्यानाचा गोषवारा सांगतो, त्यातल्या चुका काढतो, स्वतःचे विचार मांडतो आणि मध्ये मध्ये एखाद्याचे आभार मानतो. व्याख्यानापेक्षा लांबलेली आभारप्रदर्शनं मी इतकी ऐकली आहेत की त्यांचं मला काही वाटेनासं झालं.

त्यात माझं स्थान ठरलेलं. हारवाल्याचे आभार होतात, माइकवाल्याचे होतात. मग "आणि या सभागृहाचे व्यवस्थापक श्री..." असं म्हणून तो माणूस मागे वळतो, व्यासपीठावर कुजबुज होते आणि "श्री. रणदिवे यांचे" असं काहीतरी म्हटलं जातं. मी रणदिवे नाही. कधी कधी रणसिंग होतो. बहुतेक वेळा "ज्यांची नावं अनवधानाने राहिली असतील त्यांचे", या वाक्यात माझी सोय होते. मीही त्यात सुखाने बसत आलो. नाव न घेतलेल्या माणसाकडे कोणी तक्रार घेऊन येत नाही.

आमच्या शेवटच्या रांगेत, पंख्याखालच्या खुर्चीत, जगदाळे बसायचे. साध्या वेशातले पोलीस. साधा वेश इतका साधा पोलिसांशिवाय कोणाचाच नसतो, त्यामुळे ते सगळ्यांना माहीत होते. गावात कुठल्या सभेत कोण काय बोललं, याचा अहवाल वरती द्यायचा, हे त्यांचं काम. मूळचे लोणी काळभोरचे, शेतकऱ्याच्या घरातले. सुरुवातीला ते पहिल्या पाच मिनिटांत झोपायचे आणि शेवटी मागच्या खोलीत येऊन विचारायचे, "काय म्हनले हो?" मी सांगायचो, ते लिहून घ्यायचे.

एकदा ज्वारीच्या जुन्या जातींवर भाषण होतं. जगदाळेंनी विचारलं, "आक्षेपार्ह काय हाय का?"

"आहे," मी म्हणालो, "फार वेळ बोलले."

त्यांनी तसंच्या तसं लिहिलं. दुसऱ्या आठवड्यात येऊन म्हणाले, "साहेब हसले. म्हनले, हा रिपोर्ट मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला."

पुढे जगदाळे जागे राहू लागले. मग त्यांना गोडी लागली. एक नामवंत वक्ते दरवर्षी तेच भाषण करायचे, ते सर्वांत आधी जगदाळेंनी ओळखलं. वक्ते विनोदाच्या जवळ आले की मागच्या रांगेतून यांचा हलका आवाज यायचा, "आता सासूचा." आणि सासूचा विनोद यायचा. गाण्याच्या कार्यक्रमाला ते सुट्टीच्या दिवशी पत्नीला घेऊन आले, तेव्हा तिकीट काढून आले. सरकार आमच्यावर लक्ष ठेवत होतं हे खरं, पण ते सरकार आमच्याच चहाच्या रांगेत उभं असायचं आणि साखर कमी म्हणायचं.

मग हळूहळू हवा बदलली. आधी पाण्याच्या बाटल्या आत नेण्याला मनाई आली. मग छत्र्यांना. मागचं दार बंद ठेवायला सांगितलं. आग लागली तर लोकांनी कुठून जायचं, याचं उत्तर आलं नाही. मग कॅमेरे. मग वक्त्याने काय बोलणार हे आधी लिहून द्यायचं. आमचे निम्मे वक्ते व्यासपीठावर उभे राहिल्यानंतरही ते ठरवतात, त्यांनी आधी काय लिहून द्यायचं? शेवटी श्रोत्यांचे फोन नंबर. प्रत्येक सूचनेच्या शेवटी एकच वाक्य असायचं, 'सुरक्षेच्या कारणास्तव'. देशाची सुरक्षा मलाही हवी आहे. माझा धाकटा भाऊ फौजेत होता, त्याच्या पत्राची वाट पाहण्यात आमच्या आईची वर्षं गेली. पण छत्रीचा आणि देशाचा संबंध मला कोणी समजावून दिला नाही. मला राग येतो तो याचा, की मागितलेलं प्रत्येक वेळी अगदी थोडंसं असतं. थोडंसं नाकारायला माणसाला लाज वाटते.

जगदाळेंनाही हे आवडत नव्हतं. "आता रिपोर्टात नावंच लई मागतात," ते म्हणायचे. "काय बोलले ते कोनी इचारत न्हाई."

अशा दिवसांत एका सकाळी वैशाली माझ्याकडे आली. ती वकील आहे. तिला तिच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांचा, तांबोळी सरांचा, पंचाहत्तरीचा सत्कार करायचा होता. असे सत्कार आमच्याकडे आठवड्याला दोन होतात. मी वही पुढे ओढली. ती म्हणाली, "काका, आधी ऐकून घ्या. मग तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल."

तांबोळी सर कात्रजच्या बाजूला एका सोसायटीत राहतात. घराणं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं. निवृत्तीनंतर त्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून आरसा घासला आणि पाण्याचा जाड पाइप काळा रंगवून त्याची दुर्बीण केली. दर शनिवारी संध्याकाळी गच्चीवर सोसायटीतली आणि आसपासची मुलं जमायची. फी नाही, परीक्षा नाही. चंद्रावरचे खड्डे पाहायचे आणि घरी जायचं. एका नव्या रहिवाशाने तो काळा पाइप लांबून पाहिला, फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, 'हे गच्चीवर काय आहे?' कोणीतरी उत्तर दिलं, 'तोफ दिसते.' तो विनोद होता. पण टेकडीपलीकडे लष्कराची हद्द आहे, आणि सरांचं आडनाव तांबोळी आहे. तो विनोद तिथून जो निघाला तो पोलिसांपर्यंत जाऊन पोहोचला.

पाइप नेला, आरसा नेला, नकाशेही नेले. "हा कोणता भाग?" असं सरांना विचारण्यात आलं. सर म्हणाले, "मृग नक्षत्र." गुन्हा नोंदला नाही, अटक नाही. फक्त चौकशी. दर सोमवारी जायचं, बाकावर बसायचं, दुपारी परत यायचं. का, असं विचारलं की उत्तर एकच, राष्ट्रीय सुरक्षेचा विषय आहे.

सर स्वतः नंतर मला भेटायला आले. बारीक अंगाचे, खिशाला दोन पेनं. म्हणाले, "दुर्बीण गेल्याचं दुःख नाही हो मला. आरसा परत घासता येतो. पोरं येत नाहीत आता. आईवडील पाठवत नाहीत, त्यांचंही चूक नाही. समोरचा राघव मला जिन्यात पाहिलं की काहीतरी विसरल्यासारखं करून घरात परत जातो. दहा वर्षांचा आहे. त्याला कोणीतरी हे शिकवलं असणार ना?"

मी त्यांना चहा दिला, आभारप्रदर्शनाशिवाय.

परवानगीसाठी वैशाली आणि मी दोघं पोलिसांकडे गेलो. अधिकारी तरुण होते, चंद्रपूरकडून नुकतेच बदली होऊन आलेले, वागायला चांगले. त्यांनी अर्ज वाचला. "सत्काराला माझं काही नाही," ते म्हणाले, "पण मॅटर सेन्सिटिव्ह आहे. भाषणं नको. एकही नको. कोणी भाषण केलं तर मले कार्यक्रम थांबवा लागेल."

वैशालीचा चेहरा पडला. मी इतकी वर्षं कार्यक्रमपत्रिका पाहत आलो होतो. माझ्या डोळ्यांपुढे ती उभी राहिली. मी विचारलं, "साहेब, दीपप्रज्वलन?"

"चालते."

"स्वागत? शाल, श्रीफळ?"

"चालते ना."

"आणि आभार?"

"आभार मानून घ्या ना, काका. आभाराले कोण नाही म्हणते?"

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसायला घेतला. साहेबांना पुण्यात येऊन तीन महिनेही झाले नव्हते. बाहेर आल्यावर ती पायऱ्यांवर बसली आणि पदराने डोळे पुसत हसली. वकील मंडळी अशी हसताना मी फार कमी पाहिली आहेत.

आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा फोन आलाच. "भाषणं होणार नाहीत ना?"

"एकही नाही."

"मग जबाबदारी तुमची. तुमची मुदतवाढ यंदा कार्यकारिणीपुढे आहे, हे लक्षात असू द्या." माझं निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं. दरवर्षी मला एक वर्ष वाढवून देत होते. ते माझ्या लक्षात होतंच.

कार्यक्रम रविवारी सकाळी होता. सभागृह भरेल असं मला वाटलं नव्हतं. फोन नंबर लिहायचा म्हटल्यावर काहीजण दारातून परत गेलेही. तरी निम्म्याच्या वर खुर्च्या भरल्या. जगदाळे पंख्याखाली येऊन बसले. माइकवर जो येईल त्याचं नाव लिहायचं, असा त्यांना हुकूम होता आणि तो त्यांनी मला आल्या आल्या सांगून टाकला. मी तो वैशालीला सांगितला आणि तिने तो सगळ्यांना जाहीर केला. "माइकवर येणाऱ्याने आधी आपलं पूर्ण नाव सांगावं," ती म्हणाली, "मागे लिहून घेणाऱ्यांना त्रास होऊ नये."

दिवा लागला. शाल दिली, नारळ दिला. आठ मिनिटांत कार्यक्रम संपला. "आता आभारप्रदर्शन," वैशाली म्हणाली. मी सवयीने मागच्या खोलीचं दार लोटलं.

ती स्वतःच पहिली उभी राहिली. नाव सांगितलं. "मी संविधानाच्या एकोणिसाव्या कलमाचे आभार मानते. आपल्याला बोलता यावं, एकत्र जमता यावं, म्हणून ते इतकी वर्षं झटलं. सध्या त्याची प्रकृती बरी नसल्यामुळे ते आज आपल्यात नाही. त्याला लवकर बरं वाटो." आधी कोणी हसलं नाही. मग तिसऱ्या रांगेतले एक आजोबा हसले आणि सगळं सभागृह हसू लागलं.

मग सरांच्या मजल्यावरच्या लेले आजी. काठी टेकत आल्या, माइक त्यांच्यासाठी खाली करायला मी धावलो. "कुमुद लेले. लिहिलंत? लेले, दोन्ही ल ला मात्रा. मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपचे आभार मानते. त्यांनी कळवलं म्हणून मला समजलं की आमच्या गच्चीवर तोफ होती. मी अज्ञानी बाई. तीन उन्हाळे मी त्या तोफेला दोरी बांधून कुरडयांचं फडकं वाळत घातलं. सर तेवढंच म्हणायचे, आजी, संध्याकाळच्या आत काढा, गुरू दिसत नाही." शेवटी त्यांचा आवाज बदलला. "हा माणूस माझ्या औषधांच्या वेळा सांभाळतो. त्याचे आभार मी कधी मानले नव्हते. ते आज मानते."

एक कॉलेजातली मुलगी आली, सरांच्या गच्चीवर लहानाची मोठी झालेली. "मी शनीचे थँक्स मानते," ती म्हणाली, "कारण तो अजून जागेवर आहे. त्याला कोणी सीझ केलेलं नाहीये."

एकामागून एक लोक उठत होते. जो तो नाव सांगत होता आणि जगदाळे खाली मान घालून लिहीत होते. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा आभारप्रदर्शन चालू असताना चहाकडे कोणी पाहत नव्हतं.

मग मधल्या रांगेतून एक तरुण उठला. तो माइकपर्यंत आला. "अभिषेक," तो म्हणाला, मग आडनाव सांगितलं. "तो फोटो मी टाकला होता. मला खरंच माहीत नव्हतं ते काय आहे, जस्ट विचारलं होतं. नंतर जे झालं ते... मी खाली येऊन सांगायला हवं होतं, पण घाबरलो. मी आज सॉरी म्हणायला आलो होतो. पण इथे फक्त आभारच अलाउड आहेत." तो सरांकडे वळला. "सो, थँक यू, सर."

सर उठले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. काहीजण रडत होते. मीही रडत होतो, पण मी दाराआड होतो.

शेवटी सरांनी उत्तर द्यायचं, म्हणजे तेही आभारच. ते त्याआधी मागच्या खोलीत आले. मी पिंपाशी उभा होतो. हलक्या आवाजात म्हणाले, "तुमचं नाव घेऊ का? तुमच्याशिवाय हे झालं नसतं. पण मागे लिहून घेताहेत. नाही घेतलं तर मला राग नाही, आणि कोणाला कळणारही नाही."

मुदतवाढ कार्यकारिणीपुढे होती. 'अनवधानाने राहिलेल्यां'च्या रांगेत माझी खुर्ची अजून रिकामी होती, आणि ती मला नेहमी सोयीची वाटत आली होती. मी म्हणालो, "घ्या. पूर्ण घ्या."

सरांनी थोडक्यात आटोपलं. जमलेल्यांचे आभार मानले. ज्यांनी सोमवारी बाकावर बसवलं त्यांचेही मानले. तिथे बसून बरंच वाचन झालं, असं म्हणाले. मग माझं नाव घेतलं. पहिलं, वडिलांचं, आडनाव, वर्गात हजेरी घेतात तसं एकेक सुटं करून. आणि म्हणाले, "येत्या शनिवारी मी गच्चीवर आहे. दुर्बीण नाही. पण डोळ्यांना शनी दिसतो, कृत्तिका दिसतात. ते बघायला पाइप लागत नाही. ज्यांना यायचं त्यांनी यावं."

मी दार उघडलं. चहा त्या दिवशी कमी पडला, हे मला अभिमानाने लिहावंसं वाटतं.

दुर्बीण अजून आलेली नाही. चौकशी चालू आहे असं कळतं. माझी मुदतवाढ झाली नाही, म्हणून तर हे लिहायला सवड मिळाली.

त्या दिवशी लोक पांगल्यावर मी खुर्च्या एकात एक घालत होतो. जगदाळे माझ्याजवळ येऊन बसले आणि अहवाल पुरा करू लागले. आता त्यांना माझ्या सांगण्याची गरज नव्हती. त्यांनी वाचून दाखवलं, "भाषणे झाली नाहीत. आभार मानण्यात आले."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"सर तुमचं नाव म्हनले, पन टाळ्यांत मला ऐकू आलं न्हाई. इतकी वर्सं बसतोय हितं, आन्‌ तुमचं नाव मी कधी इचारलंच न्हाई."

"लिहा. गजानन विठ्ठल रणपिसे."

त्यांनी लिहिलं. एकदा वाचून पाहिलं, मग कागदाची घडी करून खिशात घातली आणि पेनाला टोपण लावलं. तरी ते उठेनात.

"शनिवारी किती वाजता म्हनले सर?"

मी हातातली खुर्ची खाली ठेवली. "तेही अहवालात हवं आहे का?"

"न्हाई हो," जगदाळे म्हणाले. "नातीला आनायचं हाय."

मी त्यांना वेळ सांगितली, आणि उरलेल्या खुर्च्या आम्ही दोघांनी मिळून आवरल्या.